फिलाडेल्फियाचा कंगवा, गडहिंग्लजची जट

फिलाडेल्फियात चौतिसावा रस्ता आणि वॉलनट स्ट्रीट जिथे मिळतात, तिथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आवारात शिरताना सोळा फूट उंचीची एक काळी बाई उभी आहे. ब्राँझची. खांद्याखालचं अंग म्हणजे घुमटासारखी झोपडी. हात नाहीत. नाक आहे, ओठ आहेत, पण डोळ्यांच्या जागी नुसती सपाट कातडी. डोक्यावर आखूड, दाट कुरळे केस, कडेने खाली उतरणाऱ्या वेण्या आणि प्रत्येक वेणीच्या टोकाला एक कवडी. सिमोन ली या शिल्पकर्तीचं हे ‘ब्रिक हाऊस’. २०१९ साली ते न्यूयॉर्कच्या हाय लाइन या उंचावरच्या बागेत उभं राहिलं, २०२० पासून त्याची एक प्रत आमच्या शहरात आहे, आणि २०२२ मध्ये याच कामासाठी लीला व्हेनिस बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. माझी कामावर जायची वाट इथूनच आहे.

आई इथे आली होती तेव्हा या बाईसमोर बराच वेळ थांबली. आम्ही गडहिंग्लजचे. यल्लम्माच्या जोगतिणी, गळ्यातल्या कवड्यांच्या माळा, डोक्यावरचा जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, चौंडक्याचा आवाज, हे सगळं तिने जन्मभर दारात पाहिलेलं. म्हणाली, “हिने कवड्या केसांत का गं ओवल्या?” मी सांगितलं की या कवड्या मोजून एके काळी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घेत. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या, पोती भरभरून युरोपमार्गे तिकडे जायच्या. आई जराशाने म्हणाली, “म्हणजे आपली किंमत आपल्याच वेणीला बांधली म्हणायची.” कलासमीक्षकांना यासाठी तीन पानं लागतात.

या शिल्पाचा फोटो मी आमच्या ग्रुपवर टाकला तेव्हा दोन उत्तरं आली. हा लेख त्या दोन उत्तरांमुळे लिहितेय. कोल्हापुरातले एक ज्येष्ठ चित्रकार, ज्यांना आम्ही सगळेच सर म्हणतो, त्यांनी लिहिलं, “आकार जबरदस्त. पण त्याला केसांचं राजकारण कशाला चिकटवता? शिल्प शिल्प म्हणून बघा की.” दुसरं उत्तर भाचीचं. ती पुण्यात कला शिकते. “मावशी, तिकडे लॉक्स ठेवण्याचा हक्क कायद्याने देतात. आपल्याकडे बायकांच्या जटा कापतात आणि वर पेपरात फोटो छापतात. हे कसलं पुढारलेपण?” लॉक्स म्हणजे इथले काळे लोक ठेवतात त्या वळून एकजीव केलेल्या केसांच्या बटा.

सरांचं आधी घेते, कारण ते सोपं आहे.

केसांना राजकारण कुणी चिकटवलं हे शोधायचं तर निदान १७८६ पर्यंत मागे जावं लागतं. लुइझियाना तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. तिथल्या गव्हर्नर मिरोने फर्मान काढलं की वंशाने काळ्या असलेल्या, पण गुलाम नसलेल्या बायकांनी केसांचे थाट मिरवायचे नाहीत, डोकं फडक्याने बांधायचं. या बायका गोऱ्या पुरुषांच्या नजरेत भरतात आणि गोऱ्या बायकांच्या बरोबरीने वावरतात, ही तक्रार होती. बायकांनी काय केलं? रेशमी, रंगीत, उंची फडकी घेतली, त्यांना पिसं आणि खडे लावले आणि अशी काही डोकी बांधली की थोड्याच काळात तो ढंग गोऱ्या बायकाही उचलू लागल्या. हुकूम पाळला आणि हुकमाचं पार हसं करून टाकलं. म्हणजे राजकारण सरकारने आणलं आणि कला बायकांनी. सरांचा क्रम उलटा आहे.

पुढच्या दोनशे वर्षांत फर्मानं काढणारे बदलले, रोख तोच राहिला. १९८१ साली न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयात एका काळ्या बाईचा दावा गेला. ती विमान कंपनीत नोकरीला होती आणि डोक्यालगत गुंफलेल्या बारीक वेण्या, ज्यांना इथे कॉर्नरोज म्हणतात, त्या घालून कामावर येत होती. कंपनीने मनाई केली. न्यायालय कंपनीच्या बाजूने गेलं. वेणी काही जन्मजात नसते, ती सोडता येते, असा युक्तिवाद. शिवाय या वेण्या नुकत्याच एका गोऱ्या सिनेनटीने लोकप्रिय केल्या आहेत, असाही एक शेरा! २०१६ मध्ये अलाबामातल्या एका प्रकरणात लॉक्स कापले नाहीत म्हणून नोकरी नाकारली गेली आणि अपिलाच्या न्यायालयाने तीच रेघ पुन्हा ओढली: केसांचा पोत जन्माने येतो, त्याला संरक्षण, केसांची ठेवण माणूस निवडतो, तिला नाही. जणू पोत आणि ठेवण यांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो. असे केस मोकळे सोडले की गुंततात, कोरडे पडतात, तुटतात. म्हणून तर ते गुंफायचे किंवा वळायचे. हे न्यायमूर्तींना कुणी घरी सांगितलेलं नसावं.

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने पहिल्यांदा कायदा करून ही रेघ पुसली. तेव्हापासून वीसपेक्षा जास्त राज्यांनी तसे कायदे केले. भाची म्हणते तो हक्क हा. पण तो भाचीला वाटतो तितका पक्का नाही. २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाने देशभरासाठीचं विधेयक मंजूर केलं, सिनेटमध्ये ते अडकलं. टेक्सासमध्ये २०२३ च्या सप्टेंबरात कायदा लागू झाला आणि त्याच सुमारास एका शाळकरी मुलाला लॉक्समुळे वर्गाबाहेर बसवायला सुरुवात झाली. ते महिनोन् महिने चाललं. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशाने शाळेला बरोबर ठरवलं, कारण काय, तर कायदा केसांच्या ठेवणीबद्दल बोलतो, लांबीबद्दल नाही.

आता या सगळ्यानंतर काळ्या कलावंताने केसांचं चित्र ‘नुसता आकार’ म्हणून काढायचं म्हणजे त्याने नेमकं काय विसरायचं?

इथे फिलाडेल्फियात याचं एक ठसठशीत उदाहरण झालं. सिटी हॉलसमोरच्या चौकात फ्रँक रिझोचा पुतळा होता. साठच्या दशकाच्या शेवटी हा शहराचा पोलीसप्रमुख, नंतर महापौर. १९७० मध्ये त्याच्या पोलिसांनी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर या संघटनेच्या कचेऱ्यांवर धाडी घातल्या आणि कार्यकर्त्यांना रस्त्यावर, कॅमेऱ्यासमोर, कपडे उतरवून भिंतीला उभं केलं. २०१७ साली हँक विलिस थॉमस या कलावंताने त्या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर आठ फुटांचा एक धातूचा कंगवा रोवला. आफ्रो, म्हणजे गोल फुलवून ठेवलेले कुरळे केस, विंचरायचा लांब दातांचा कंगवा, दात जमिनीत, मुठीच्या जागी खरीखुरी वळलेली मूठ. सत्तरच्या दशकात असा कंगवा पोरं मागच्या खिशात किंवा केसांतच खोचून हिंडायची. काही महिने महापौर आणि कंगवा एकाच चौकात होते. जून २०२० मध्ये महापौरांना क्रेनने उचलून नेलं. कंगव्यामुळे पुतळा हलला असं मी म्हणणार नाही, तो हलला पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतरच्या संतापामुळे. पण त्या चौकातून जाताना लोकांना दोन्ही एकाच नजरेत दिसायचे, आणि काय बघायचं ते कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

मला स्वतःला मात्र पुतळ्यांपेक्षा जास्त समज आली ती बावन्नाव्या रस्त्याच्या बाजूच्या एका वेण्यांच्या दुकानात. माझ्या लॅबमधली एक सहकारी तिथे जाते. एका शनिवारी मीही बरोबर गेले, अर्धा तास बसून निघेन म्हणून. निघाले ते दिवेलागणीला. वेण्या घालणाऱ्या दोघी मालीच्या, आपसात बांबारा आणि फ्रेंचमध्ये बोलत होत्या. शेपटीच्या कंगव्याने डोक्यावर आधी भांग पाडले: सरळ, तिरके, चौकोनाला चौकोन भिडलेला. प्रत्येक चौकोनातली बट बोटावर घेऊन मुळाशी थोडं जेल, मग पाकिटातल्या कृत्रिम केसांची एक बट हाताने ताणून, टोकं विसकटून त्यात घ्यायची आणि तीन पेड सुरू. हा कृत्रिम केस बहुतेक कानेकालॉन नावाच्या जपानी धाग्याचा असतो. बोटं इतकी भरभर चालतात की पेड कधी बदलला ते दिसत नाही. अशा शंभराहून जास्त वेण्या. मधे गिऱ्हाइकाची मान अवघडते, ती उठून पाय मोकळे करते, जेवते, फोनवर भांडते, परत बसते. शेवटी सगळ्या वेण्यांची टोकं उकळत्या पाण्याच्या भांड्यात बुडवतात, म्हणजे धागा बसतो आणि वेणी सुटत नाही. खुर्चीवर टॉवेल, जमिनीवर केसांचे बोळे, कोपऱ्यात टीव्हीवर नायजेरियन सिनेमा. मला आमच्या परसदारी पायरीवर बसून खजुरी वेणी घालणारी आजी आठवली. तीही असंच गुडघ्यांत डोकं दाबून धरायची आणि हललं की कंगव्याने टपली मारायची.

त्या दिवशी सहकारीने तिच्या आईची गोष्ट सांगितली. शनिवारी रात्री स्वयंपाकघरात गॅसवर लोखंडी कंगवा तापवायचा आणि उद्या चर्चला जायचं म्हणून पोरींचे केस त्याने सरळ करायचे. जळक्या केसांचा वास, कानाला बसणारा चटका. आई काही गोऱ्यांची गुलाम नव्हती, ती म्हणाली, आपली मुलगी वर्गात हसं होऊ नये एवढंच तिला हवं होतं. मला हे महत्त्वाचं वाटतं. केस सरळ करणाऱ्या बायकांना ‘स्वतःचा द्वेष करणाऱ्या’ म्हणून मोडीत काढणारी एक सोवळी भूमिका इथेही आहे आणि ती मला पटत नाही. सोन्या क्लार्क या कलावंतालाही बहुधा पटत नसावी. तिने २००८ मध्ये मॅडम सी. जे. वॉकरचं भलंमोठं चित्र केलं. वॉकर म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांची १८६७ मध्ये जन्मलेली मुलगी, आधी धुणं धुणारी, मग काळ्या बायकांच्या केसांची औषधं आणि तेलं विकून श्रीमंत झालेली आणि हजारो बायकांना रोजगार देणारी. तिला वंदायचं की निंदायचं यावर आजही वाद होतो. क्लार्कने वाद घातला नाही. ३,८४० काळे प्लॅस्टिकचे कंगवे घेतले, त्यांचे दात कमी-जास्त तोडले आणि त्या उजेड-सावलीतून वॉकरचा चेहरा उभा केला. ज्या कंगव्याचे दात आपल्या केसांत मोडायचे, तेच मोडलेले दात इथे चित्र झाले.

याच क्लार्कने पुढे रिचमंड शहरातल्या केशकारागीर बायकांना बोलावून एक प्रकल्प केला. प्रत्येकीने एकदा क्लार्कच्या डोक्यावर आणि एकदा कॅनव्हासवर ताणलेल्या रेशमी धाग्यांवर वेण्या घातल्या. फोटो आणि कॅनव्हास शेजारी शेजारी टांगले आणि कारागिरांची नावं कलावंत म्हणून लावली. २०१४ मध्ये त्याला आर्टप्राइझ या स्पर्धेत मोठं पारितोषिक मिळालं, आज ते काम बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. मला त्या प्रकल्पातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती नावं लावण्याची. बावन्नाव्या रस्त्यावरच्या त्या दोघींना विचारलं असतं तर त्या स्वतःला कलावंत म्हणाल्या नसत्या.

दुकानाच्या शेजारी केसांच्या मालाचं दुकान आहे. तिथे भिंतभर पाकिटं टांगलेली, काही खऱ्या केसांची, आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘इंडियन’. आत ते भारतातलेच असतील याची खात्री नाही, पण शब्दाला भाव आहे. सहकारी हसत म्हणाली, “तुझ्या डोक्यावर काय पैसे उगवलेत बघ.” इथे काळ्या बायकांच्या बोलण्यात ‘चांगले केस’ म्हणजे लांब, सरळ, मऊ केस, आणि त्या उतरंडीत आपण आयते वरच्या पायरीवर बसलेलो असतो, काहीही न करता. आपल्या लोकांना हे ठाऊक नसतं असं नाही. इथल्या मराठी घरांत “काय ते जटाधारी, धुतात तरी का” हे वाक्य मी पोहे खाता खाता ऐकलंय. आणि तीच माणसं आपल्या पोराच्या जावळानंतर शाळेतल्या बाईंना पत्र लिहून समजावतात की ही आमची परंपरा आहे, वर्गात त्याला हसू नये!

पाकिटातल्या केसांचा माग काढला तर तो तिरुपतीला जातो, जिथे भक्तांच्या मुंडणाचे केस लिलावात निघतात आणि देवस्थानाला त्यातून दरवर्षी कोट्यवधी रुपये मिळतात. आणि तो आपल्या गल्लीतही येतो. आजी विंचरलेली गुंतवळ गोळा करून भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची. टोपली घेऊन बाई यायची, गुंतवळ घ्यायची आणि बदल्यात फुगा, टिकल्यांचं पाकीट, फार झालं तर स्टीलची वाटी. त्या गुंतवळीचं पुढे काय होतं हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. बेंगळुरूच्या शीला गौडा यांना पडला. देवळात उतरवलेल्या केसांचे दोर वळतात आणि दृष्ट लागू नये म्हणून ते गाड्यांच्या बंपरला बांधतात, हे त्यांनी पाहिलं आणि २००९ मध्ये ‘बिहोल्ड’ हे काम केलं: सुमारे चार किलोमीटर केसांचा दोर आणि त्याला लटकलेले गाड्यांचे पोलादी बंपर. आता ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. केसांच्या राजकारणावरचं एक अव्वल काम आपल्या शेजारच्या राज्यात झालं, आणि मला त्याची माहिती मिळाली ती इकडे आल्यावर.

सर, आता आपल्याकडचं. साताऱ्यात न्हावी भरपूर होते, पण आंबेडकरांच्या घरच्यांचे केस कापायला एकही तयार नव्हता. थोरली बहीण दारातल्या ओट्यावर भावंडांचे केस कापायची. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत हे स्वतः लिहिलंय. दुसऱ्या टोकाला ब्राह्मण विधवा, जिच्यासाठी न्हावी घरी यायचा तो तिचं डोकं तासायला. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. एकाला शिवायचं नाही आणि एकीला सोडायचं नाही, दोन्ही ठिकाणी तोच वस्तरा. आणि हा इतिहास संपलाय असं वाटत असेल तर मे २०२२ बघा: आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला, बाईचा नवरा गेला म्हणून कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ठराव करावा लागला. बाईच्या डोक्यावर, कपाळावर, मनगटावर काय असावं हे गाव ठरवत आलंय. अशा गावात बसून ‘शिल्प शिल्प म्हणून बघा’ म्हणायला एक विशिष्ट निवांतपणा लागतो, आणि तो सगळ्यांना परवडत नाही.

भाचीचा प्रश्न अवघड आहे.

लॉक्स आणि जट दिसायला भावंडं. दोन्हीकडे गुंतून एक झालेला केस. पण माझ्या शेजारी राहणाऱ्या ग्रंथपालबाई दर पाच-सहा आठवड्यांनी लॉक्स मुळाशी वळून घेतात, धुतात, तेल लावतात, रात्री सॅटिनची टोपी घालून झोपतात. त्यांनी ते ठरवून सुरू केले आणि उद्या वाटलं तर कापतील; त्यांना कुणी विचारणार नाही. गडहिंग्लजला आमच्या मागच्या आळीत एक बाई होत्या. केसात गुंता झाला, सासूने हळद-कुंकू वाहिलं, देवीआई आली म्हणाली. त्यानंतर कंगवा बंद. जट कापली तर घरात मरण येईल ही भीती. पुढे ती पोटरीपर्यंत आली. मानेला ओढ, उवा, पावसाळ्यात आत वाळत नसल्याने येणारा दर्प. उशीवर डोकं टेकवता येत नाही म्हणून कुशीवर झोपायच्या आणि चालताना ती खांद्यावर टाकून चालायच्या. लहान मुलीला जट आली तर तिला सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडायची, देवदासी करायची वाट मोकळी व्हायची. सत्तरच्या दशकात आमच्याच गावात देवदासींची परिषद भरली होती, ती उगीच नाही.

म्हणून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या, पुण्याच्या नंदिनी जाधव यांच्यासारख्या, घरी जाऊन आठवडेच्या आठवडे समजूत घालतात, बाईची भीती उतरेपर्यंत थांबतात आणि मग कात्री लावतात, तेव्हा ते काम टेक्सासमधल्या शाळेचं नाही. ते कॅलिफोर्नियाच्या कायद्याचं आहे. इथे हुकूम होता सरळ कर, झाक, काप. म्हणून ठेवणं हे बंड. तिथे हुकूम आहे विंचरू नकोस. म्हणून कापणं हे बंड. पोतराजांचं घे. मरीआईच्या नावाने वाढवलेले केस आंबेडकरी चळवळीत किती जणांनी कापले आणि हातातला कोरडा, तो आसूड, टाकला! त्यांना ‘केस हीच तुमची संस्कृती’ असं जाऊन सांग बघू. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतलं. नातं जुनं आहे आणि खरं आहे. पण घ्यायचं ते बंडाचं कारण, बंडाची केशरचना नव्हे.

इथपर्यंत मी भाचीच्या विरुद्ध आहे. पण तिच्या प्रश्नाचा अर्धा भाग मला सोडवत नाही: पेपरातला फोटो.

जटनिर्मूलनाची बातमी डोळ्यासमोर आण. मधे बाई, बहुतेकदा वयस्कर, कॅमेऱ्याकडे बघायचं की नाही ते न कळलेली. बाजूला कार्यकर्ते. कुणाच्या तरी हातात कापलेली जट. खाली बाईचं नाव, वय, गाव, आणि जट किती वर्षांची, किती किलोची. बाईचं स्वतःचं एक वाक्य असलं तर असतं: आता हलकं वाटतंय. विरोध करणारेही याच फोटोखाली श्रद्धेवर घाला म्हणून भांडतात. वाद सुधारक आणि भाविक यांच्यात होतो, डोकं तिसरीचंच असतं.

लॉर्ना सिम्प्सन यांचं १९८८ चं ‘स्टिरिओ स्टाइल्स’ मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हाच फरक टोचला. दहा मोठे पोलरॉइड फोटो, दोन ओळींत. प्रत्येकात पांढऱ्या साध्या कपड्यातली एक काळी बाई पाठमोरी, प्रत्येकात वेगळी केशरचना. मधे पाटीवर शब्द कोरलेले: धाडसी, समंजस, कडक, लांब-रेशमी, पोरगेलासा, असे. कुठला शब्द कुठल्या डोक्याचा ते सांगितलेलं नाही; जुळवाजुळव आपण करतो आणि करताना पकडले जातो. चेहरा ती दाखवतच नाही. जे. डी. ओखाई ओजेकेरे या नायजेरियन छायाचित्रकाराने १९६८ पासून पुढे आयुष्यभर केशरचनांचे सुमारे हजार फोटो काढले, तेही बरेचसे मागून. त्याच्यात आणि सिम्प्सनमध्ये फरक आहे. त्याला स्वतंत्र झालेल्या देशातली रोज मोडली जाणारी शिल्पं नोंदवून ठेवायची होती, तिला बघणाऱ्याची नजर अडवायची होती. पण दोघांच्याही फोटोंत बाई ‘केस’ म्हणून मांडलेली नाही, म्हणजे इंग्रजीतली केस, डॉक्टरची किंवा पोलिसांची.

कारण तसं मांडल्यावर काय होतं तेही या देशाने पाहिलंय. १९७० मध्ये काळ्यांच्या चळवळीतली कार्यकर्ती अँजेला डेव्हिस हिचा आफ्रो एफबीआयच्या ‘पाहिजे’च्या पत्रकावर झळकला. त्या दिवसांत आफ्रो ठेवणाऱ्या कितीतरी बायकांना, ही ती तर नव्हे म्हणून, रस्त्यात अडवलं गेलं. १९७२ मध्ये ती निर्दोष सुटली. पुढे नव्वदच्या दशकात तिने खंतावून लिहिलं की लोक आता मला एक केशरचना म्हणून ओळखतात. तोवर तो फोटो फॅशनच्या पानांवर पोचला होता. आफ्रो राहिला, त्यामागची तुरुंगांविरुद्धची लढाई गळून गेली. काळ्या कलेचं सगळं छानच असतं असं भाचीने समजू नये म्हणून हे सांगतेय. कौतुकाने केलेल्या चित्रातही बाई हरवू शकते.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच आहे की जट कापणारी कात्री योग्य आहे आणि ती कापल्याचा फोटो बहुतेक वेळा चुकीचा आहे. हा फोटो प्रचाराला लागतो, पुढच्या बाईची भीती त्यानेच मोडते, असं कार्यकर्ते सांगतात. मला ते समजतं, पूर्ण खोडता येत नाही. पण या कामातून मोकळ्या झालेल्या बायका आता शेकड्यांत असतील. जट कशी आली, पहिल्या दिवशी घरात कोण काय बोललं, डोक्यावर देवी असताना नवरा कसा वागला, मान कशी दुखली, लोक पाया पडायचे ते बरं वाटायचं का, कापल्यावर पहिल्यांदा विंचरताना काय झालं, देवीची भीती खरंच गेली की रात्री परत येते: हे त्यांच्या बोलीत, त्यांच्या आवाजात कुणी सलग नोंदवलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यातल्या एखादीला वाटलं असेल की जट होती तेव्हा घरात आपला शब्द चालायचा, आता पुन्हा भांडी घासायला लागलो, तर तेही ऐकायला हवं. सुधारणेला ते अडचणीचं आहे, पण ते नसेल तर नोंद खोटी.

भाचीला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायचा आहे. तिने लॉक्सवर करायचं योजलं होतं, इंटरनेटवरचे फोटो घेऊन. मी तिला म्हटलं, गडहिंग्लजला जा, मागच्या आळीतल्या त्या बाईंच्या सुनेला भेट, समितीच्या लोकांकडून आणखी दोघी-तिघींचे पत्ते घे. त्यांना दिवसाचा रोज दे. फोटो काढायचा की नाही, काढायचा तर कुठून, आणि खाली नाव घालायचं की नाही हे त्यांना ठरवू दे. प्रवासखर्च आणि त्यांचा रोज माझ्याकडून. सरांना मी वेगळं लिहिलंय की प्रदर्शनासाठी त्यांचा स्टुडिओ मिळेल का. अजून उत्तर आलेलं नाही.